मॅचिंग सेंटरची शीला

शीला राठोडचे डोळे कशाने गेले, याबद्दल आर्णीत ज्याच्या तोंडाला येईल ते तो बोलतो. कुणी म्हणतं दृष्ट लागली. कुणी म्हणतं रात्रंदिवस रंगीत कापडात डोळे घालून बसायची, थकले ते. भाजीच्या गाडीवर, लग्नाच्या मांडवात हे असलं ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, रंग पाहून डोळे थकत असते तर आमच्या गावातल्या अर्ध्या बाया आंधळ्या झाल्या असत्या! शीलाचे डोळे एका गोळीने गेले. त्या गोळीला नाव आहे. ती गोळी वेळेवर बंद झाली नाही ती एका बाईमुळे, आणि त्या बाईलाही नाव आहे. ती बाई म्हणजे मी, भैरवी.

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. सासरे तहसिलात होते, माझे मिस्टर अनंत जिल्हा परिषदेत. मी मात्र आर्णीच्या मेन रोडवर मॅचिंग सेंटर काढलं. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकर, एवढाच माल. सासूबाई मरेपर्यंत त्याला चिंध्यांचं दुकान म्हणत राहिल्या. म्हणोत बिचाऱ्या. पण ते दुकान चाललं ते माझ्यामुळे नाही, शीलामुळे.

ती पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. सोळा वर्षं झाली त्याला. आर्णीपासून पाच-सहा किलोमीटरवर तिचा बंजाऱ्यांचा तांडा. नणदेच्या लग्नाची साडी घेऊन आली होती, वांगी रंगाची. मी एक पीस काढून दिला. तिने तो उचलला, दुकानाबाहेर ओट्यावर गेली, उन्हात धरला आणि परत आणून माझ्यासमोर ठेवला.

"हा नाई काकू. याच्यात निळा जास्त हाय."

मला राग आला. माझ्याच दुकानात येऊन मला रंग शिकवते! म्हटलं, तूच काढ मग. तिने रॅकवर एकदा नजर फिरवली आणि तिसऱ्या खणातलं वरून पाचवं थान ओढलं. साडीवर ठेवलं तर कापड कुठे संपतं आणि साडी कुठे सुरू होते ते कळेना. मी तिथल्या तिथे विचारलं, कामाला येतेस का?

तिला रंग कुणी शिकवला नव्हता. तिची आई सुखीबाई आरशांचं भरतकाम करायची. पोरींना सुईत दोरा ओवायला बसवायची आणि चुकीचा दोरा घेतला की टपली मारायची, बस. रातो म्हणजे लाल आणि लीलो म्हणजे हिरवा, एवढेच दोन शब्द मी तिच्या भाषेतले शिकले, तेही तिला गंमत वाटायची म्हणून. आमच्या धंद्यात रंगांना नावं असतात, राणी, चिंतामणी, आमसुली, गाजरी, शेवाळी. शीलाची नावं वेगळीच. "पऱ्हाटीच्या सुकल्या पानाचा", "तुरीच्या कोवळ्या शेंगेचा", "पाऊस येऊन गेल्यावरच्या विटेचा". पहिले आम्ही हसायचो. मग गिऱ्हाईकं तिच्याच नावांनी मागायला लागली.

कुणी साडी आणायला विसरलं तरी अडायचं नाही. एकदा एका वकिलाची बायको साडीच्या शिवणीतला बोटभर दोरा घेऊन आली. शीलाने तो ओट्यावर नेऊन पाहिला, आत येऊन पीस कापला, आणि त्या बाईने घरी जाऊन फोन केला की अगदी तस्सा. नेरहून, दिग्रसहून बाया एसटीने यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, शीला आहे का? मी समोर गल्ल्यावर बसलेली असायचे, माझ्याकडे कुणी ढुंकून पाहायचं नाही. खरं सांगू? मला त्याचा थोडा त्रासही व्हायचा. आणि अभिमानही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिला खोकला लागला. कापडाची धूळ, असं आम्ही धरून चाललो. मग ती वाळायला लागली, ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागला. तिचा नवरा उत्तमसिंग ट्रॅक्टर चालवतो, गरीब गाय आहे. तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

उत्तमसिंग दुकान बंद व्हायच्या वेळेला आला आणि दारात उभं राहून खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, शीलाले टीबी हाय. डॉक्टरीन म्हन्ते सहा महिने गोया खा, बरी होईन. पन तिले कामावर ठेवसान का?"

ठेवीन म्हटलं. मी काही इतकी वाईट नाही. पण पुढचं वाक्यही माझंच होतं. "कुणाला सांगायचं नाही. तांड्यावर नाही, गावात नाही. टायफॉइड झाला म्हणायचं. ब्लाऊजपीस बाया अंगाला लावून बघतात रे. दुकानात टीबी आहे म्हटलं तर पायरी चढणार नाही कुणी."

त्याने मान हलवली. त्याला तर माझं ऐकून बरंच वाटलं.

पहिले काही आठवडे ती घरी राहिली. आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर कामावर आली. गोळ्या तिने माझ्याकडेच ठेवायला दिल्या, तांड्यावरच्या घरात दहा जण येणारे-जाणारे. रोज अकरा वाजता, चहाच्या वेळेला, मागच्या खोलीत अस्तराच्या गठ्ठ्यांमागे मी स्वतः गोळ्या तिच्या हातावर ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत उभी राहायचे. एक दिवस चुकू दिला नाही. मला वाटायचं, मी केवढं पुण्य करते आहे.

गोळ्यांनी लघवीला रंग येतो, घाबरू नको, हे तिला दवाखान्यात सांगितलं होतं. तर ही मला सांगते, "काकू, लाल नाई हो, गाजरी हाय. आपल्या वरच्या खनातल्या टू बाय टू कापडासारखी." दोघी पोट धरून हसलो. महिन्या-दोन महिन्यांत तिने बाळसं धरलं. खोकला गेला, भूक लागली, सकाळी येताना भाकरीचा डबा मोठा आणायला लागली. गणपतीच्या सुमारास एकदा म्हणाली, "काकू, आता लघवी साधी होते. गाजरी नाई राह्यली. औषध आंगाले लागलं म्हना." मी म्हटलं, चला, बरं झालं.

काय बरं झालं? लघवी तेव्हाही गाजरीच होती. तिला तो रंग दिसत नव्हता. हे मला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर.

मग नवरात्र आलं. नवरात्रात आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. रोजचा एक रंग ठरलेला. शाळेतल्या बाया, बँकेतल्या बाया, अंगणवाडीवाल्या, सगळ्या त्या त्या रंगात. साडी कपाटातून निघते, ब्लाऊज मात्र अंगाला येत नाही, मग धावत आमच्याकडे. त्या वर्षी माल जास्त भरला म्हणून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी रॅक रिकामे केले, पुसले, आणि सगळी थानं नव्या क्रमाने लावली. शीला त्या दिवशी गोळ्या आणायला गेली होती. दुसऱ्या दिवशी आली, रॅकपुढे उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"काहून हालवलं काकू?"

"जागा पुरेना म्हणून. तुला काय फरक पडतो? तुला तर डोळे झाकून सापडतं."

त्या दिवशी तिने चार गिऱ्हाइकांना चुकीचे पीस दिले. बॉटल ग्रीन साडीवर कॉफी कलर. डाळिंबीवर मातकट. चौदा वर्षांत जे झालं नाही ते एका दिवसात चारदा. कापलेला पीस परत घेता येत नाही, बाया भांडायला लागल्या. एक जण तर सगळ्यांसमोर म्हणाली, "शीलाचा आता माज झाला आहे, मन लागत नाही तिचं." आणि मीही, माझ्या जिभेला काय हाड, सगळ्यांसमोर ओरडले, "डोळे काय तांड्यावर ठेवून आलीस का गं?"

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ती ओट्यावर जाऊन बसली. मी बाहेर गेले. तिच्या मांडीवर दोन पीस होते, एक लाल, एक हिरवा. दोन्ही उन्हात धरून ती पाहत होती.

"काकू, यातला रातो कोनता?"

मला वाटलं थट्टा करते आहे. म्हटलं, नाटकं पुरे.

"महिना झाला. दोनी सारखेच दिसते मले, मातीवानी. मी खनाच्या जागेवरून काढत होती. कोनता रंग कुठं हाय ते पाठ होतं ना. तुमी काल सारं हालवलं."

महिनाभर ती रंग न पाहता रंग देत होती, केवळ जागेच्या आठवणीने, आणि माझ्यासकट कुणाला पत्ता लागला नव्हता! घाबरली होती म्हणून बोलली नाही. रंग गेला म्हणजे काम गेलं, तिला एवढंच कळत होतं. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, अगं वेडे, मोतीबिंदू असेल, चष्मा लागेल, उद्याच जाऊ यवतमाळला.

दुसऱ्या दिवशी भर नवरात्रात दुकान अनंतवर टाकून मी तिला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला तिची काळजी होती. होती हो! खोटं नाही बोलत. सकाळी सातच्या गाडीने निघालो, अकराची गोळी वाटेत द्यावी लागणार म्हणून पाकीट माझ्या पर्समध्ये घेतलं.

दवाखाना गच्च भरलेला. आपल्याकडे डॉक्टर दोन-दोन पेशंट एकदम आत घेतात, एक खुर्चीवर, दुसरा बाजूच्या स्टुलावर वाट पाहत. आमचा नंबर लागला तेव्हा स्टुलावर येऊन बसल्या आर्णीच्याच एक मुख्याध्यापिका. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेतल्या वीस-पंचवीस बाया त्यांच्या शब्दावर दुकान बदलतील, अशी बाई. मला पाहून हसल्या, "अरे, शीलाला काय झालं?"

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं. भला माणूस होता. म्हणाले, मोतीबिंदू नाही, पडदाही बरा दिसतो. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का? शुगर, बीपी, टीबी, काही?"

नीट विचारलं. टीबीचं नाव घेऊन विचारलं.

शीलाने तोंड उघडलं. स्टुलावरच्या बाई कान देऊन बसल्या होत्या. आणि तिच्या आधी मी बोलले, "नाही हो डॉक्टर, काही नाही. धडधाकट आहे. मध्ये टायफॉइड झाला होता, तेवढंच."

शीलाने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पाकीट माझ्या मांडीवर होतं, पर्समध्ये. डॉक्टरांनी अशक्तपणा लिहिला, ताकदीच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचं औषध दिलं. महिन्याने फरक नसेल तर नागपूरला दाखवा म्हणाले. आम्ही बाहेर आलो. बसस्टँडवर पाण्याची बाटली घेतली, आणि अकरा वाजून गेले होते म्हणून मी पर्स उघडली, टीबीच्या गोळ्या काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिने गिळल्या.

मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी हजार वेळा स्वतःशी म्हटलं आहे. गोळीने डोळे जातात हे मला माहीत नव्हतं. पण डॉक्टरने विचारलं तर खरं सांगावं, एवढं तर माहीत होतं ना? ते काय शाळेत शिकावं लागतं?

दिवाळी झाली. थेंबांनी फरक पडेल म्हणून वाट पाहिली, महिन्याचे दोन महिने झाले. मी तिला रंगाचं काम देत नव्हते, फॉल गुंडाळायला, चहा करायला बसवायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, नंबर लागला आहे, चष्मा यायचा आहे. नाताळच्या सुट्ट्यांत एक दिवस ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे पाहत होती. मी म्हटलं, इकडे बघ ना.

"इकडंच पाहून राह्यली काकू. मधात धुकं हाय. समोर पाह्यलं तर तुमचं तोंड दिसत नाई. कडेनं पाह्यलं तर थोडंसं दिसते."

मग उत्तमसिंगने मला विचारलंच नाही. एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी ट्रॅक्टर मालकाच्या दारात लावला आणि बायकोला घेऊन नागपूरला गेला. तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉ. अनघा म्हणून तिशीतल्या एक डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, कोणतं औषध? त्याने खिशातून टीबीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तो मला नंतर म्हणाला, "काकू, त्या मॅडमनं कार्ड पाह्यलं अन् पयले खुर्चीवरून उठल्या."

त्यांनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली. कोर्स संपायला बारा दिवस राहिले होते.

मी पुढच्या खेपेला सोबत गेले. डॉ. अनघांनी मला समजावून सांगितलं. टीबीच्या गोळ्यांत चार औषधं असतात, त्यातलं एक एथाम्ब्युटॉल. ते काही थोड्या लोकांच्या डोळ्यांची नस बिघडवतं. पहिले लाल-हिरवा जातो, मग मधलं दिसणं जातं. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर ते अंगात साचतं. शीलाची किडनी कमजोर निघाली. कुणाला ठाऊक? तिची किडनी कुणी तपासलीच नव्हती.

"हे आजचं नाही काकू, पुस्तकात कधीपासून लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "पण आपल्या भागात किती जणांना होतं, कोणाला होतं, किती दिवसांत होतं, हे कुणी मोजलं नाही. मी तेच मोजते आहे. गोळी सुरू व्हायच्या आधी किडनी तपासायची, रंगांचं पुस्तक दाखवायचं, आणि मग दर महिन्याला दाखवायचं. एवढं केलं तरी पुष्कळ डोळे वाचतील. आणि हो, औषध वाईट नाही. शीलाताई जिवंत आहेत त्या या गोळ्यांमुळे. ते कुणी आपल्या मनाने सोडायचं नाही. फक्त डोळ्यांत फरक पडला की त्याच दिवशी सांगायचं."

मी विचारलं, आम्ही दसऱ्याच्या वेळेला आलो असतो तर?

"बहुतेक परत आलं असतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "यवतमाळला दाखवलं होतं ना? त्या डॉक्टरांनी औषधांबद्दल विचारलं नाही?"

मी काही बोलले नाही. शीलाही बोलली नाही. डॉ. अनघांनी मान हलवून स्वतःशीच म्हटलं, "विचारत नाहीत लोक." आणि मी ते तसंच राहू दिलं. एका चांगल्या माणसाच्या नावावर माझं पाप वर्षभर पडून राहिलं.

शीलाचा टीबी बरा झाला. रिपोर्ट कोरा आला, तांड्यावर तिने देवाला नारळ फोडला. डोळ्यांसाठी वर्षभर वाट पाहायची होती. नस कधीकधी सावकाश सुधारते, डॉ. अनघा म्हणाल्या होत्या. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या आर्णीच्या दवाखान्यात यायच्या, त्यांच्या अभ्यासातले तीन-चार रोगी या भागातले होते. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं, पानापानावर रंगीत ठिपके आणि त्या ठिपक्यांत दडलेला आकडा. शीला ते पुस्तक नाकाशी धरायची, लांब धरायची, उजवीकडून, डावीकडून, मान वाकडी करून. जिने शिवणीतल्या बोटभर दोऱ्यावरून रंग ओळखला, ती बाई घामाघूम व्हायची आणि म्हणायची, "सारे मातीचे ठिपके हाय मॅडम." मी बाजूला बसून देवाचा धावा करायचे. एकदा तिने पाच म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डॉ. अनघांनी हळूच सांगितलं, तिथे आठ आहे, त्यांनी अंदाजाने म्हटलं.

मी तांड्यावर जायचे, डबा न्यायचे, बोलत बसायचे. तिने कधी एक शब्द ऐकवला नाही. चुलीशी बसून हाताने चाचपून भाकरी थापायची, एक बाजू करपायची, उत्तमसिंग ती मुकाट्याने खायचा. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळी झाले असते. मला वाटायला लागलं की तिला तो दवाखाना, तो प्रश्न, आठवतच नसावा. आणि मला, काय सांगू, त्या विचाराने झोप यायला लागली.

यंदा जानेवारीत डॉ. अनघा शेवटच्या तपासणीला आल्या. पुस्तक दाखवलं, यंत्राने नसेचा फोटो काढला होता तो पाहिला. मग त्यांनी शीलाचा हात हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "शीलाताई, वर्ष झालं. नस सुकली आहे. आता यापेक्षा सुधारणार नाही. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

शीला म्हणाली, "बरं." एवढंच. उत्तमसिंग उठून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉ. अनघांनी कागद काढले. अभ्यासाचा शेवटचा फॉर्म भरायचा होता. गोळी कधी सुरू झाली, वजन किती, पहिला त्रास कधी. शीला उत्तरं देत होती, त्या लिहीत होत्या. मग त्या म्हणाल्या, "त्रास सुरू झाल्यावर ज्या डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं, त्यांनी चालू औषधांची चौकशी केली होती का? इथे मी 'नाही' असं लिहिते."

"विचारलं होतं," शीला म्हणाली.

डॉ. अनघांचं पेन थांबलं. "विचारलं होतं? टीबीचं?"

"हो. नाव घेऊन विचारलं होतं."

खोलीत आम्ही तिघीच. शीला माझ्याकडे पाहत नव्हती, पाहूनही तिला मी दिसले नसते. मी म्हटलं, "मी नाही म्हणून सांगितलं. मी. दुकानाचं गिऱ्हाईक बाजूला बसलं होतं म्हणून. गोळ्या माझ्याच पर्समध्ये होत्या."

डॉ. अनघांनी शीलाला विचारलं, "मग तुम्ही का नाही बोललात, शीलाताई? तोंड तर तुम्हालाही होतं."

"सवय नव्हती मॅडम," ती म्हणाली. "काकू गिऱ्हाइकासंग बोलत असल्या की मी मधात बोलत नसे. त्या काळ्या पिसाले निळा म्हनल्या तर गिऱ्हाईक गेल्यावर सांगे मी. चवदा वर्सं तसंच केलं. त्या दिवशी बी तसंच झालं. मनात आलं, बाहीर गेल्यावर काकूले सांगू की सांगाले पायजे होतं. बाहीर गेलो तं काकूनं गोया हातावर ठेवल्या."

फॉर्मवर कारणांची यादी होती, चौकोन होते खूण करायला. माहिती नव्हती, विसरले, भीती वाटली. डॉ. अनघांनी एकाही चौकोनात खूण केली नाही. मग त्यांनी खाली मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही.

"इथे सही लागेल," त्या म्हणाल्या.

शीला चौथीपर्यंत शिकलेली, सही करायची, दुकानात रोज वहीत करायची. तिने पेन घेतलं. कागद कुठे आहे ते तिला कळेना, पेन टेबलावर टेकलं. मी सवयीने पुढे झाले, तिचा हात धरला आणि सहीच्या जागेवर नेला.

तिने हात सोडवून घेतला. हिसका नाही, राग नाही, नुसता सोडवून घेतला आणि दुसऱ्या बाजूला पुढे केला.

"डॉक्टर मॅडम," ती म्हणाली, "तुमी धरा."